जतनाच्या इंटर्नशिपसाठी परदेशी जायचंय? आधी आपलं कपाट उघडा

ग्रंथालयात किंवा दप्तरखान्यात नोकरीला असलेल्यांना परदेशात कागद-जतनाचं प्रशिक्षण मिळू शकतं, हे बडोद्यात फार थोड्यांना ठाऊक असतं. ज्यांना ठाऊक असतं ते बहुधा शेवटच्या आठवड्यात अर्ज भरायला बसतात आणि ‘मला वारसा जपण्याची आवड आहे’ असं लिहून मोकळे होतात. निवड करणाऱ्यांना तुमच्या आवडीशी फारसं देणंघेणं नसतं. तुमच्या ताब्यात काय आहे आणि शिकून आल्यावर त्याचं काय कराल, एवढंच त्यांना पाहायचं असतं. म्हणून तयारी वेबसाइटपासून नको, कपाटापासून करा.

पहिली पायरी: एकाच कपाटाची पाहणी

सगळ्या संग्रहाचा आढावा घ्यायला जाऊ नका. ते काम कधी संपत नाही. एक कपाट निवडा आणि वहीत रकाने आखा: कागद, शाई, बांधणी, कीड, ओल, जुनी दुरुस्ती. प्रत्येक वस्तूचा फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा.

संस्थानी काळातला मोडी कागदांचा एखादा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, सोडून पाहा. हातकागद, काजळीची शाई. कडा कसरीने खाल्ल्या असतील, पण अक्षर अजून काळंभोर दिसतं. आता त्याच खणातली मायफळ आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांच्या शाईने लिहिलेली खतावणी घ्या. शाई तपकिरी झालेली असते. पान हलकेच उजेडासमोर धरलं तर जाड रेघेच्या जागी बारीक भोकं दिसतात, कारण शाईतल्या आम्लाने आणि लोहाने कागदच खाल्लेला असतो. दोन्ही ‘जुनी कागदपत्रं’च, पण दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं. हा फरक तुमच्या वहीत दिसला की निम्मा अर्ज तयार झाला.

जुन्या दुरुस्तीचा रकाना रिकामा सोडू नका. पिवळी पडलेली सेलोटेप तर सापडेलच, एखाद्या पानावर ॲसिटेटचं, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ थराचं, लॅमिनेशनही निघेल. ॲसिटोन वापरून हाताने लॅमिनेशन करायची पद्धत आपल्याच राष्ट्रीय अभिलेखागारात विकसित झाली. आता ते थर पानाला धक्का न लावता उतरवायचे कसे, हा प्रश्न आहे. परदेशी जाऊन शिकण्यासारखा याहून चांगला विषय मला तरी सुचत नाही.

दुसरी पायरी: एका पावसाळ्याची नोंद

काहीशे रुपयांचं हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र घ्या आणि जून ते सप्टेंबर सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की बुरशीला आमंत्रण. एसी फक्त ऑफिसच्या वेळेत चालत असेल तर तेही लिहा. रोज थंड आणि रोज गरम होणाऱ्या खोलीपेक्षा एसी नसलेली, पण हवा खेळती असलेली खोली मला बरी वाटते.

पुराचं वेगळं पान करा. २०१९ आणि २०२४ मध्ये शहरात पाणी शिरलं, तेव्हा तळाचा खण जमिनीपासून किती उंच होता? भिजलेल्या कागदावर ४८ तासांत बुरशी धरू शकते. तेवढ्या वेळात काय आधी उचलायचं याची यादी तुमच्याकडे असेल, तर ती अर्जाला जोडा.

तिसरी पायरी: आधी देशातलं शिक्षण

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे अल्प मुदतीचे वर्ग आहेत, लखनौला सांस्कृतिक संपदेच्या जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, आणि आपल्या सयाजीराव विद्यापीठात तर १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. यातलं एखादं प्रमाणपत्र गाठीशी असलं की परदेशी अर्जाला वजन येतं.

चौथी पायरी: जागा निवडणं आणि अर्ज

रोमच्या ‘इक्रोम’ या वारसा-जतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे अभ्यासक्रम नोकरी करणाऱ्यांसाठीच असतात. दुरुस्तीसाठी जपानी कागद (पातळ पण चिवट हातकागद) वापरण्याचा त्यांचा एक अभ्यासक्रम टोकियोच्या सांस्कृतिक संपदा संशोधन संस्थेबरोबर होत आला आहे. ब्रिटनला जायचं असेल तर भारतीयांना तिथल्या शिक्षणासाठी अनुदान देणाऱ्या चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टची मदत पाहा. वयाची अट, मुदत आणि खर्च कोण उचलणार हे त्या-त्या वर्षीच्या सूचनेत नीट वाचा. गेल्या वर्षीचं कात्रण कामाचं नाही.

अर्जात एकच प्रश्न मांडा. ‘आमच्या खतावण्यांपैकी इतक्यांची पानं शाईने भुसभुशीत झाली आहेत, सोबत फोटो, ही पानं हाताळण्याजोगी करायची पद्धत मला शिकायची आहे’ एवढं पुरे. बडोद्याचा इतिहास थोडक्यात येऊ द्या. १९१० साली महाराज सयाजीरावांनी अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावलं आणि पुढच्याच वर्षी त्यांनी इथे ग्रंथालय कर्मचाऱ्यांचा वर्ग सुरू केला, हे एक वाक्य शोभून दिसतं. दुसरं नको, पूर्वपुण्याईवर जागा मिळत नाही.

साहेबांची सही

खरी अडचण इथे असते. शिफारसपत्र, एनओसी आणि रजेचा प्रकार हे तिन्ही मुदतीच्या दोन महिने आधी मागा. ‘बघू’ हे उत्तर मिळालं तर स्वतःच मसुदा टाइप करून नेऊन ठेवा, सही लवकर होते. परत त्याच जागेवर रुजू करून घेऊ, हे पत्रात लेखी असू द्या. ट्रस्टचं ग्रंथालय असेल तर मंडळाचा ठराव घ्या. पासपोर्ट आधीच काढलेला असावा. व्हिसाचे कागद यजमान संस्थेच्या पत्रावर अवलंबून असतात, म्हणून निवड झाल्या दिवशीच ते पत्र मागून घ्या.

तिथे गेल्यावर

जाण्याआधी हात बसवून घ्या. फाटलेली कड जपानी कागदाच्या पट्टीने आणि गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने जोडणं हे पहिल्या आठवड्यातलंच काम. ज्यांच्या घरी कुरडयांसाठी चीक गाळतात, त्यांना ते सत्त्व काय हे सांगायला नको. मात्र घरचा आंबवलेला चीक कागदाला लावू नका, शुद्ध स्टार्च विकत आणा. पूर्वी बाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. तेही नको, तांब्याचा अंश पुढे कागदालाच बाधतो. सरावाला रद्दी चालेल, संग्रहातलं पान कधीच नाही.

तिथे रोज कामाची डायरी लिहा आणि प्रत्येक गोष्टीमागचं कारण विचारा. त्यांच्याकडचं सामान इथे मिळेलच असं नाही. कारण कळलं असेल तर बदली वस्तू शोधता येते.

परतल्यावर पहिला वर्ग अधिकाऱ्यांसाठी घेऊ नका. रुमाल रोज सोडणारे-बांधणारे हात शिपाईकाकांचे असतात. पान दोन बोटांत धरून न ओढता खाली पुठ्ठा सरकवून कसं उचलायचं, ओला फडका कपाटाला का लावायचा नाही आणि डांबराच्या गोळ्या का काढून टाकायच्या, हे त्यांना आधी दाखवा.