गुडघ्यावरच्या पॅचची चाचणी: पहिल्या भेटीला जाण्यापूर्वी

डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक वडोदऱ्यातल्या बहुतेक घरांत कुठल्या ना कुठल्या रूपात असतेच, कधी व्होवेरानची गोळी म्हणून, कधी व्होलिनीची ट्यूब म्हणून. तेच औषध कातडीवर चिकटवायच्या नव्या पॅचमधून द्यायचे झाले, तर २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार, औषध जुने असले तरी देण्याची पद्धत नवी असल्यामुळे, ते ‘नवीन औषध’च ठरते. म्हणून गुडघ्यांच्या झिजेसाठी अशा चाचणीचे बोलावणे आलेल्या ज्येष्ठांनी, ‘ओळखीचेच तर औषध आहे’ असे समजून रिकाम्या हाताने जाऊ नये.

तयारीतले सर्वांत महत्त्वाचे काम घरातल्या औषधांचे आहे आणि नेमके तेच घाईत उरकले जाते. दुखण्यावर आपण जे जे घेतो वा लावतो ते सारे, वेष्टनासह, एका पिशवीत भरून न्यावे. कात्रीने दोन-दोन गोळ्या कापून घेतलेल्या पट्टीवर नावाची अर्धीच अक्षरे उरतात आणि त्यावरून डॉक्टरांना काहीही कळत नाही. अशा वेळी दुकानदाराकडून पूर्ण नाव लिहून घ्यावे. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात, व्होलिनीत डायक्लोफेनॅकच असते, आणि मूव्हसारख्या मलमांतही सॅलिसिलेट वर्गातले वेदनाशामक द्रव्य असते, हे आपल्याला औषध वाटत नसले तरी चाचणीच्या दृष्टीने औषधच आहे. रात्री गुपचूप चोळलेल्या मलमाने आराम पडला आणि नोंद मात्र पॅचच्या नावावर झाली, तर ती चाचणी कोणाच्याच उपयोगाची राहत नाही. शिवाय पॅचसोबत डायक्लोफेनॅकची गोळीही चालू राहिली, तर पोटाला आणि मूत्रपिंडांना होणारा धोका वाढतो. पूर्वीची वेदनाशामके काही दिवस बंद ठेवायला सांगतात ती याचसाठी. मात्र ती कधी थांबवायची हे डॉक्टरांनी सांगावे, आणि हृदयासाठी चालू असलेली इकोस्प्रिन (म्हणजे ॲस्पिरिनच), रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नयेत. पूर्वी पोटात अल्सर झाला असेल, मूत्रपिंडांच्या तपासणीत क्रिएटिनीन वाढलेले असेल किंवा अ‍ॅस्पिरिनने कधी दम लागला असेल, तर विचारण्याची वाट न पाहता सांगावे. जुने रिपोर्ट हाताशी असल्यास उत्तमच.

पॅच कशासाठी, हेही आधी समजून घेतलेले बरे. गोळीतले जवळजवळ निम्मे डायक्लोफेनॅक रक्तात फिरण्यापूर्वीच यकृतात निकामी होते आणि उरलेले सबंध शरीरभर जाते. एका गुडघ्यावर नियमाने जेल लावले असता रक्तातले प्रमाण गोळीच्या मानाने सुमारे ६ टक्केच आढळते. नवा पॅच हे गणित किती साधतो, हेच तपासायचे असते.

कातडीची तयारी सोपी आहे. गुडघ्यावर जखम, पुरळ वा खरचटलेले नसावे, आणि त्या दिवशी तिळाचे तेल चोळून जाऊ नये, कारण तेलकट कातडीवर पॅच टिकत नाही. वैशाखातल्या घामाने कडा सुटू लागल्यास वरून पट्टी लावावी की नाही, हे तिथेच विचारून घ्यावे. पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये; उष्णतेने औषध अधिक वेगाने आत जाते.

संमतिपत्र घाईने सही करण्याचा कागद नव्हे. आपल्याकडे आजी बाळबोध (देवनागरी) वाचते आणि नातू गुजराती, तेव्हा जिला सही करायची तिला जी भाषा नीट वाचता येते तीच प्रत मागावी आणि ती घरी आणून वाचावी. चाचणीची नोंदणी सीटीआरआयमध्ये, म्हणजे क्लिनिकल चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, झाली आहे का, सहभागींचे हित पाहणाऱ्या नीतिसमितीची मान्यता आहे का, काही अपाय झाल्यास उपचार कोण करणार, आणि तुलनेसाठी दिला जाणारा, औषध नसलेला पॅच वाट्याला येण्याची शक्यता किती, हे चार प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते आणि चाचणीमुळे झालेल्या अपायावर मोफत उपचार मिळतात, हे नियमांतच आहे. त्यासाठी कोणाची भीड धरण्याचे कारण नाही.

वेदनेची नोंद रोज एकाच वेळी, ० ते १० या आकड्यांत, स्वतःच करावी. सुनेने अंदाजाने भरलेला आकडा चालत नाही. चाचणीच्या काळात नवरात्र येत असेल तर ते आधीच सांगावे, कारण नऊ रात्री गरब्यात उभे राहिल्यावर गुडघे जे सांगतील त्यात पॅचचा भाग किती आणि गरब्याचा किती, हे कोणालाच वेगळे काढता येणार नाही. दुखणे असह्य झाल्यास कोणती गोळी चालेल, हेही लिहून घ्यावे. बहुधा पॅरासिटामॉल सुचवतात, आणि ती घेतल्याची वेळ वहीत टिपावी लागते.

वापरलेला पॅच कचऱ्यात टाकू नये. त्यात औषध शिल्लक असते, म्हणून चिकट बाजू आत दुमडून, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा डब्यात ठेवावा आणि पुढच्या भेटीत न वापरलेल्या पॅचसह मोजून परत द्यावा.