मोबिलिटी स्कूटरवरून एकट्यानं हॉटेलात राहताना : खोलीच्या दाराशी या चुका टाळा

नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलात मी स्वतःच्याच खोलीत अडकले होते. कुलूप ठीक होतं, कार्ड गळ्यात होतं, दार चांगलं तीन फुटी होतं. पण दार आत उघडणारं, आणि मी मोबिलिटी स्कूटरसकट (चालता न येणाऱ्यांसाठीची, खोलीतही नेता येणारी बॅटरीवरची छोटी गाडी) त्याला नाक लावून बसलेली. मूठ दाबून दार ओढलं की ते माझ्याच पुढच्या चाकावर आपटायचं. मागे सरकायला मूठ सोडली की डोअर क्लोजर ते पुन्हा लावून टाकायचा. सात-आठ वेळा हाच खेळ झाल्यावर रिसेप्शनला फोन केला. मुलगा वर आला, बाहेरून कार्ड लावून दार ढकललं आणि म्हणाला, "काकू, लॉक तर चांगलं चालतंय की."

मला लहानपणी पोलिओ झाला. कुबडीवर चार पावलं, बाकी सगळी भिस्त स्कूटरवर. भावाचं घर पंचवटीतल्या जुन्या वाड्यात आहे. तिथला उंबरा वीतभर उंच आणि त्याआधी दोन पायऱ्या, म्हणून मुक्काम हॉटेलात. भाऊ दर वेळी रागावतो, वहिनी डबा पाठवते. पण दाराशी झटापट माझी मलाच करावी लागते, आणि त्यात जितक्या चुका करता येतात तितक्या मी करून झाल्या आहेत.

फोनवर चुकीचा प्रश्न विचारणं

"तुमच्याकडे व्हीलचेअर चालते का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "हो मॅडम, लिफ्ट आहे ना!" समोरचा खोटं बोलत नसतो, त्याला प्रश्नच कळलेला नसतो. त्यापेक्षा त्याला टेप घ्यायला सांगा. दार पूर्ण उघडायचं आणि उघड्या दारापासून समोरच्या चौकटीपर्यंतचं अंतर मोजायचं. "तीन फुटी दार" म्हणजे फळी तीन फूट असते. बिजागरी आणि फळीची जाडी जाऊन मोकळी जागा दोन-तीन इंचांनी कमीच भरते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत ही मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर सांगितली आहे, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खासगी आस्थापनांनाही लागू आहे. हे फोनवर ऐकवून खोली बदलून मिळत नाही, पण ठाऊक असलेलं बरं.

खरं तर खोलीच्या दारात स्कूटर सहसा अडकत नाही, कारण ती वीस-चोवीस इंचच रुंद असते. अडकते ती दारानंतरच्या बोळात. एका हाताला बाथरूम, दुसऱ्या हाताला कपाट, मध्ये साडेतीन फूट, आणि स्कूटरची लांबी चार फूट. सरळ आत जाता येतं, पण वळता येत नाही. पलंगापाशीही वळायला जागा नसेल तर बाहेर येताना सगळा प्रवास रिव्हर्समध्ये. म्हणून मी आता व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ मागते : पॅसेजमधून सुरुवात करा, दार उघडा, खिडकीपर्यंत चालत जा. वीस सेकंदांत सगळं कळतं.

मूठ कुठल्या बाजूला आहे हे न बघणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ती मला वर्षानुवर्षं कळली नाही. माझ्या स्कूटरला, आणि बहुतेक स्कूटरना, उजव्या अंगठ्याखाली पुढे जायची कळ असते आणि डाव्या अंगठ्याखाली मागे जायची. म्हणजे एक हात दाराला दिला की स्कूटर एकाच दिशेला चालते.

आता हिशेब करा. आत शिरताना दार ढकलायचं आणि पुढे जायचं. पुढे जायला उजवा अंगठा लागतो, म्हणून दार डाव्या हातानं ढकलावं लागतं. मूठ डावीकडे हवी. बाहेर येताना दार ओढायचं आणि मागे सरकायचं. मागे जायला डावा अंगठा, म्हणून दार उजव्या हातात; मूठ उजवीकडे हवी. गंमत अशी की बाहेरून डावीकडे दिसणारी मूठ आतून उजवीकडेच येते. एकाच दारात दोन्ही कामं होतात! आणि मूठ उलट्या बाजूला असली तर दोन्ही वेळा हात छातीवरून आडवा न्यावा लागतो. मुंबई नाक्याच्या त्या खोलीची मूठ तशीच होती.

अनेक हॉटेलांत शेजारच्या दोन खोल्या आरशात पाहिल्यासारख्या उलट्या बांधलेल्या असतात, त्यामुळे १०४ चं दार नको असेल तर १०५ चं बरोबर निघू शकतं. खोली बदलून मागताना "दिव्यांगांसाठीची खोली आहे का" एवढ्यावर थांबू नका. "बाहेरून मूठ डावीकडे असलेली द्या" म्हणा. रिसेप्शनवरचा माणूस जरा चमकतो, पण जाऊन बघून येतो. तुमच्या स्कूटरच्या कळा उलट असतील किंवा एका हातात जोर कमी असेल तर हिशेब तुमचा तुम्ही मांडा.

दाराला हात लावण्याआधी स्कूटरच्या वेगाची चकती कासवाच्या चित्रावर, म्हणजे सगळ्यात कमी वेगावर आणायची, हे आलंच.

नाक लावून उभं राहणं

आतून दार उघडताना मूठ हाताला लागेल इतकं जवळ जायचा मोह होतो. जाऊ नका. दाराची फळी तुमच्या अंगावर येणार आहे, तिला जागा हवी. मी आता एक जुनी सुती ओढणी बरोबर ठेवते. मुठीच्या टोकाला, अगदी टोकाला, तिची सैल गाठ मारायची आणि दुसरं टोक हातात घेऊन दोन-अडीच फूट मागे थांबायचं. ओढणी आधी खाली ओढली की मूठ दबते, मग तशीच मागे ओढत स्कूटर रिव्हर्समध्ये घ्यायची. फट स्कूटरच्या नाकाएवढी झाली की नाक फटीत घालायचं. क्लोजर दार लावू बघतो, पण ते स्कूटरच्या कडेला टेकून राहतं. मग सावकाश बाहेर. पुढच्या टोपलीला नॅपकिन गुंडाळला तर दाराच्या पॉलिशवर ओरखडा येत नाही आणि चेकआउटला वाद होत नाही.

हे करताना मागे बॅग ठेवलेली नको. मी एकदा ठेवली होती. बॅग पलंगाला टेकलेली, स्कूटर बॅगेला, आणि दार जेमतेम वीतभर उघडलेलं.

क्लोजरशी कुस्ती खेळणं

दार जड वाटतं ते फळीमुळे कमी, वरच्या क्लोजरमुळे जास्त. त्याच्या डब्याच्या कडेला बहुधा दोन बारीक स्क्रू असतात. एक दार लागण्याचा वेग ठरवतो, दुसरा शेवटच्या काही इंचांतला झटका. पाव फेरा फिरवला तरी फरक पडतो. हे आपण करायचं काम नाही, पण हॉटेलच्या मेंटेनन्सवाल्या दादांना पाच मिनिटं पुरतात. "क्लोजर जरा स्लो करून द्या" एवढंच म्हणायचं. क्लोजर काढून टाका असं मात्र सांगू नका. आग लागली तर धूर खोलीबाहेर अडवायला दार आपोआप लागणं गरजेचं असतं.

तोवर पाचर कामाला येते. लाकडी पाचर गुळगुळीत टाइल्सवर घसरते, रबराची घ्या. तिला हातभर नाडा बांधा, म्हणजे सीटवरूनच खाली सोडता येते आणि ओढून घेता येते, वाकावं लागत नाही. दार लागायला बघतं त्या बाजूनं, म्हणजे नंबर लिहिलेल्या बाजूनं ती सरकवायची, आणि आत गेल्यावर लगेच काढायची. रात्रभर पाचर लावून दार उघडं ठेवणं मूर्खपणा आहे. एकट्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

आतून वरची खिट्टी लावणं

उलट टोकाची चूक. एकटी असल्याच्या भीतीनं मी कुबडीच्या टोकानं वरची खिट्टी सरकवायचे. मग एका रात्री बाथरूमच्या दाराशी घसरून पडले तेव्हा लक्षात आलं की आता कुणी आत येऊच शकत नाही. कार्डचं कुलूप आपोआप लागतं आणि बाहेरून हॉटेलच्या मास्टर कार्डनं उघडतं, तेवढं पुरे. वीज गेली तरी ते चालतं, कारण त्यात साधे सेल असतात. दिवा लाल होत असेल किंवा कुलूप टुकटुकत असेल तर सेल उतरले असतील, तेव्हाच सांगून बदलून घ्या. फोन उशीखाली ठेवू नका, खिशात ठेवा.

बाथरूमचं दार सामान वर येण्याआधीच लावून-उघडून बघा. पावसाळ्यात नाशिकला लाकडी दारं फुगतात, आणि बसून ओढायला जोर पुरत नाही.

चार्जिंगसाठी दार अडवणं

मोकळा प्लग नेमका दाराजवळ असतो म्हणून स्कूटर तिथेच आडवी लावली जाते. रात्री काही झालं तर बाहेर पडायची एकमेव वाट बंद! एक्स्टेंशन बोर्ड घरून न्या. आणि भिंतीवरच्या खाचेतलं कार्ड काढलं की बऱ्याच ठिकाणी प्लगची वीजही जाते. दिवसा बाहेर जेवायला जाऊन आल्यावर बॅटरी होती तिथेच. दुसरं कार्ड मागून घ्या, किंवा फ्रिजचा प्लग वापरा, तो सहसा चालू राहतो.

२०२७ चा सिंहस्थ जवळ येईल तसं खोली निवडून घेणं अवघड होत जाणार. मी माझ्या वहीत आत्ताच तीन खोल्यांचे नंबर लिहून ठेवलेत. प्रत्येकापुढे दोनच शब्द : "डावी मूठ". तिसऱ्यापुढे कंसात : "क्लोजर दादांना सांगणे".