ओपनस्ट्रीटमॅपवर स्वयंचलित संपादन करण्यापूर्वी

ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही संपादता येणाऱ्या खुल्या नकाशावरील हजारो नोंदी एकाच आज्ञेने बदलायच्या असतील, तर कोणते टॅग (नोंदीचे नाव, प्रकार असे गुणधर्म), कोणत्या प्रदेशात, कशाच्या आधारे बदलणार हे आधी ओपनस्ट्रीटमॅपच्या विकीवर सविस्तर लिहावे आणि त्या प्रदेशातील नकाशाकारांपुढे चर्चेला ठेवावे. कोणी बोलले नाही म्हणजे संमती मिळाली, असे धरू नये. रोमन लिपीतील गावांची नावे यंत्राने देवनागरीत उतरवून मराठी नावाच्या टॅगमध्ये भरली, तर ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांतला भेद सहज हरवतो. तिथे गाव ओळखणाऱ्या माणसाचाच शब्द अखेरचा मानावा, असे मला ठामपणे वाटते. संमतीनंतर वेगळे खाते वापरावे, बदलसंच (एकत्र जतन केलेल्या बदलांचे गट) लहान ठेवावेत, प्रत्येकात प्रस्तावाचा दुवा द्यावा आणि आक्षेप येताच थांबावे. चर्चेविना केलेले बदल डेटा वर्किंग ग्रुप, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपवरील वाद आणि नियमभंग हाताळणारा गट, मागे घेऊ शकतो.