ध्रुवीय बोटीचा घरबसल्या मागोवा: या चुका टाळा

नागपुरात बसून नॉर्थवेस्ट पॅसेजमधल्या, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ सागरी मार्गावरच्या शिडाच्या बोटीवर नजर ठेवायची, तर हाताशी तीनच गोष्टी असतात: ट्रॅकरचा ठिपका, बर्फाचा नकाशा आणि घड्याळ. बहुतेक घोळ घड्याळापासूनच सुरू होतात.

ठिपका कुठे आहे हे पाहण्याआधी तो किती जुना आहे ते वाचा. वेळ बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. तिच्यात साडेपाच तास मिळवा. १८:३० यूटीसीला आपल्याकडे तारीख बदलते, हे वहीत नोंद करताना हमखास विसरलं जातं आणि मग दिवसाचं अंतर चुकतं. काही पानं मात्र आपल्या फोनची वेळ आपोआप दाखवतात. तिथे पुन्हा साडेपाच तास मिळवू नका.

दुसरी चूक अक्षांश-रेखांशांची. याच मार्गावरची बेलो सामुद्रधुनी साधारण ७२°००' उत्तर, ९४°३०' पश्चिम इथे आहे. नकाशात टाकताना हे ७२.००, -९४.५० असं लिहायचं. ३० मिनिटं म्हणजे अर्धा अंश; ९४.३० लिहिलं तर बोट सुमारे ७ किलोमीटर सरकते, आणि अशा चिंचोळ्या जागेत ती थेट जमिनीवर चढलेली दिसते. उणे चिन्ह राहिलं तर ती सैबेरियातल्या तैमिर द्वीपकल्पावर पोहोचते.

पडद्यावरच्या लांबीवर विसंबू नका. रेखांशाचा एक अंश नागपूरला सुमारे १०४ किलोमीटर भरतो, ७२ अंशांवर जेमतेम ३४. नेहमीच्या वेब-नकाशावर दोन्ही सारखेच रुंद दिसतात. त्यामुळे त्याच झूमवर नागपूर-अमरावतीएवढी, म्हणजे दीडशे किलोमीटरची वाटणारी रेघ तिकडे पन्नासएक किलोमीटरचीच असते. अंतर मोजपट्टीच्या साधनानेच काढा. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा आणि नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल; ५ नॉटने चोवीस तास चाललेली बोट २२२ किलोमीटर कापते. दोन ठिपक्यांमधली रेघ सरळ असते, बोट नसते. म्हणून ती बेटावरून गेलेली दिसली तरी दचकू नका.

सगळ्यात जास्त फसवतो तो बर्फाचा नकाशा. उपग्रहाच्या मायक्रोवेव्ह नकाशांत साधारणपणे १५ टक्क्यांहून कमी बर्फ हा ‘मोकळं पाणी’ धरला जातो. पण लहान बोटीला तेवढाही बर्फ धोक्याचा. शिवाय उन्हाळ्यात बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात आणि उपग्रह त्यांना पाणीच समजतो, म्हणजे आकडा आणखी कमी येतो. म्हणून कॅनडाच्या हिमसेवेचा रोजचा नकाशा सोबत ठेवा. तो १८:०० यूटीसीची, म्हणजे आपल्या रात्री साडेअकराची स्थिती दाखवतो. सकाळी चहाबरोबर पाहणं उत्तम. त्यावरच्या अंडाकृती चिन्हातला सर्वांत वरचा आकडा एकूण बर्फ दशांशांत, म्हणजे पाण्याच्या दहा भागांपैकी किती भाग बर्फाने झाकलेत ते सांगतो. ३ च्या पुढे शिडाच्या बोटीची वाट कठीण होत जाते. बर्फाच्या प्रमाणाच्या नकाशात हिरवा म्हणजे १ ते ३ दशांश, पिवळा ४ ते ६, नारिंगी ७ ते ८, लाल ९ ते १०. पण बर्फाचं वय दाखवणारा नकाशाही असतो आणि त्यात हिरव्याचा अर्थ पहिल्या वर्षाचा बर्फ असा होतो! शीर्षक वाचल्याशिवाय रंगावर जाऊ नका.

बोट सामुद्रधुनीच्या तोंडाशी तासन्‌तास थांबली, तर बिघाडच समजू नका. बेलोमध्ये भरती-ओहोटीचा प्रवाह ८ नॉटपर्यंत जातो. ५ नॉटच्या बोटीला पाणी वळेपर्यंत थांबावंच लागतं.

आणि ठिपका अडकला तर? आधी तो कुठून येतो ते पाहा. जहाजांच्या नकाशावरचा एआयएस संकेत (जहाजाने स्वतःची ओळख आणि जागा सांगणारा रेडिओ संकेत) किनाऱ्यावरच्या अँटेनापर्यंत वीस-चाळीस सागरी मैलच पोहोचतो, आणि लहान बोटींचा क्षीण संकेत उपग्रहांकडूनही सुटतो. तिथे ‘सहा दिवसांपूर्वी’ दिसलं तरी घाबरू नका. इरिडियम या उपग्रहांच्या जाळ्यावर चालणाऱ्या ट्रॅकरचं पान उघडा, कारण ते जाळं ध्रुवापर्यंत पोहोचतं. तेही गप्प असेल, तर थंडीत उतरलेली बॅटरी, आकाश झाकणारे उंच कडे किंवा नांगर टाकल्यावर बंद केलेला ट्रॅकर, ही नेहमीची कारणं. बचावयंत्रणेला स्वतः फोन लावू नका. शेवटची जागा, तिची यूटीसी वेळ आणि त्या दिवशीचा बर्फ एवढं लिहून मोहिमेच्या किनाऱ्यावरच्या चमूला कळवा. बोटीशी ठरलेली संपर्काची वेळ त्यांनाच ठाऊक असते.