वर्षभरात अचानक काय येईल याची धास्ती वाटते? एक कागद घ्या

नवीन वर्षाचे प्लॅन आपण मस्त करतो, पण मधेच नोकरी गेली, घरात कोणी आजारी पडलं की डोकं बंद पडतं आणि पहिला दिवस नुसता गोंधळात जातो.

मी आता हे करते:

१. आधी मागच्या वर्षी अचानक काय काय झालं ते आठवून लिहायचं, चांगलं पण. बदली, गोड बातमी, फोन हरवणं, काहीही. लिहिताना कळतं की यातलं निम्मं तर आपण निभावलंय की! (मला तर दोन गोष्टी आठवतच नव्हत्या, तेव्हा मात्र रडून घर डोक्यावर घेतलं होतं.)

२. मग पुढच्या वर्षी होऊ शकतील अशा फक्त तीन गोष्टी निवडायच्या.

३. प्रत्येकीसमोर फक्त पहिल्या दिवसाचं लिहायचं. पहिला फोन कोणाला, कागदपत्रं कुठे, पैसे कुठून काढायचे, आणि कुठला निर्णय त्या दिवशी अजिबात घ्यायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात कामाचं आहे, कारण घाबरलेल्या डोक्याने राजीनामा किंवा कर्ज असलं काही ठरवलं की ते निस्तरायला महिने जातात.

४. कागदाचा फोटो घरातल्या एकाला पाठवून ठेवा.

फक्त हे रात्री झोपताना करू नका, दिवसा करा आणि वीस मिनिटांचा टायमर लावा, नाहीतर तीनच्या तेरा गोष्टी होतात आणि झोप उडते ती वेगळीच.