परदेशातून गाडी ‘ओळखीने’ आणताय? या चुका टाळा

गाडी मुंबई बंदराच्या इंदिरा डॉकमध्ये उभी होती आणि दोघे चुलत भाऊ माझ्यासमोर, एकमेकांकडे न बघता बसले होते. एकजण इंग्लंडहून कायमचा परत येणार होता, दुसरा पुण्यात. लग्नाच्या पंगतीत ठरलं होतं, “दादा, तू फक्त गाडी पाठव, बाकीचं मी बघतो.” या ‘बाकीचं’मध्ये ड्यूटी भरणंही येतं, असं दादा धरून चालला होता. धाकट्याच्या लेखी त्याचा अर्थ होता कागदपत्रांसाठी धावपळ करणं. कस्टम्समधून माल सोडवण्याच्या, म्हणजे क्लिअरिंगच्या, कामात मी पाहिलेल्या बहुतेक भांडणांत फसवणूक नव्हतीच. होता तो हा एक न उलगडलेला शब्द.

सगळ्यात महागडी चूक गाडी जहाजावर चढण्याआधीच होते. ‘घरच्या सामानाबरोबर येईल’ असं कोणीतरी सांगतं आणि आपण मान डोलावतो. कस्टम्स कायद्यात ‘बॅगेज’च्या व्याख्येतूनच मोटार वगळलेली आहे. कायमचं परत येणाऱ्याच्या सामानाला असलेली ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’ची सवलत फ्रिजला मिळेल, गाडीला नाही. वापरलेली गाडी आणायची तर ती बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावी, स्टिअरिंग उजवीकडे असावं आणि ती मुंबई बंदरातूनच यावी. भाडं कमी म्हणून मुंद्रा किंवा चेन्नईचं बुकिंग करून देणारा मित्र तुमचं भलंच चिंतत असेल, पण भुर्दंड तुम्हालाच पडेल. दुबई, मस्कत, दोहाची गाडी डाव्या स्टिअरिंगची, म्हणून तो विषय तिथेच संपतो. कार्नेवर, म्हणजे गाडी तात्पुरती आणण्याच्या कागदावर, ती सहा महिन्यांपर्यंत फिरवायला आणता येते, पण परत न्यावीच लागते. मेहुण्याच्या अंगणात ती राहून गेली की तुम्ही तिकडच्या ऑटोमोबाइल क्लबकडे ठेवलेल्या हमीवर गदा येते आणि मग मेहुणा फोन उचलत नाही.

आता बिल ऑफ लेडिंग, म्हणजे बीएल. इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण लोक हा कागद पावतीसारखा फाइलला लावून मोकळे होतात. जहाज कंपनी माल कोणाच्या ताब्यात देणार, ते हा कागद ठरवतो. गाडीचे पैसे कोणी दिले, याच्याशी तिला कर्तव्य नसतं. त्या भावांच्या बीएलवर कन्साइनी, म्हणजे माल घेणारा, म्हणून पुण्याच्या भावाचं नाव होतं, ‘भारतातला पत्ता हवा’ एवढ्याच कारणाने. बीएलच्या मूळ प्रती मात्र दादाच्या कपाटात, बर्मिंगहॅमला. एकाकडे नाव, दुसऱ्याकडे कागद. ड्यूटी कोण भरणार यावरून अबोला झाला आणि दोघांपैकी कोणालाच एकट्याने जहाज कंपनीकडून डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल सोडण्याचा आदेश, घेता येईना. तिकडे बंदराचं डेमरेज, म्हणजे माल वेळेत न उचलल्याचं भाडं, रोज चढत होतं. गाडी कंटेनरमधून आली असती तर लाइनचं, म्हणजे जहाज कंपनीचं, डिटेन्शन (कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार) आणि सीएफएसचं, म्हणजे कंटेनर ठेवायच्या आवाराचं, भाडं, अशी दोन मीटरं पळाली असती.

म्हणून बुकिंगच्या वेळीच ठरवा. कन्साइनी आणि बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सला द्यायचं आयातीचं घोषणापत्र, भरणारा एकच असावा आणि शक्यतो तो गाडीचा खरा मालकच असावा. भावाने, मित्राने नुसतं ‘नाव दिलं’ तरी खोट्या तपशिलाची नोटीस त्याच्याच नावाने येते. मदत करणाऱ्या माणसाला त्या जागी उभं करू नये, असं मला मनापासून वाटतं.

किमतीबाबतही गैरसमज असतो. ‘आपल्या-आपल्यात बिल कमी दाखवू’ हा सल्ला चुकीचा तर आहेच, पण निरुपयोगीही आहे. कस्टम जुन्या गाडीचं मूल्य नवी असतानाच्या किमतीवरून काढतं आणि त्यातून घसारा वजा करतं. पहिल्या वर्षी तो दर तिमाहीला ४ टक्के असतो. एकूण ड्यूटी गाडीच्या मूल्यापेक्षा जास्त होते. हा आकडा आधी लेखी काढून दोघांच्या हातात असता, तर वर सांगितलेली निम्मी भांडणं झालीच नसती.

पैशांचा एक प्रकार मात्र मला सर्वात धोक्याचा वाटतो. “तू तिकडे माझे पाउंड भर, मी इथे तुझ्या आईच्या खात्यात रुपये टाकतो.” नात्यात हे सहज होऊन जातं. पण भारतात राहणाऱ्याने परदेशातली देणी अशी परस्पर वळती करणं फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, कलम ३ मध्ये अडकू शकतं आणि दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. शिवाय वाद झाल्यावर हा व्यवहार कोर्टात कसा मांडणार? बेकायदा हेतूचा करार कोर्ट राबवत नाही. बँकेतून पाठवा, कारण लिहून पाठवा.

इंग्लंडमधली गाडी हप्त्यावर असेल तर फायनान्स कंपनीची परवानगी लागते, हेही आधीच विचारा. विमा तर काढाच. जहाज संकटात सापडलं आणि ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ जाहीर झालं, तर तुमच्या गाडीला ओरखडाही नसताना नुकसानीतला वाटा भरल्याशिवाय किंवा त्याची हमी दिल्याशिवाय ती सोडत नाहीत. २०२१ मध्ये सुएझमध्ये अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’वरच्या मालधन्यांवर हीच वेळ आली होती.

वाद आधीच पेटला असेल तर क्रम चुकवू नका. पोलीस ठाण्यात गेलात तर बहुतेक वेळा ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असंच ऐकू येतं आणि त्यात आठवडा जातो. माल उतरल्यापासून ३० दिवसांत क्लिअर झाला नाही, तर नोटीस देऊन तो विकण्याची तरतूद कायद्यात आहे. त्यामुळे आधी गाडी सोडवा. दोघांनी एका पानावर लिहा की डेमरेज आणि ड्यूटी सध्या अमुक भरतो आहे, हिशेबाचा हक्क दोघांनीही राखून ठेवला आहे. नाव बदलायचं असेल तर कन्साइनीचं ना-हरकत पत्र घेऊन लाइनच्या एजंटामार्फत आयजीएम, म्हणजे जहाजाने कस्टम्सला दिलेली मालाची यादी, दुरुस्त करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका, फोनही विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रासह ते पुरावा म्हणून चालतं.

त्या दोघा भावांनी असं पान माझ्याच टेबलावर लिहिलं. अकराव्या दिवशी गाडी गेटबाहेर पडली. डेमरेज कोणाच्या वाट्याचं, हे त्यांनी नंतर थोरल्या काकांसमोर बसून ठरवलं.