‘तिसरं लागलंय’ म्हणजे तीन वर्षं नव्हे : गावातल्या सर्वेक्षणात या चुका टाळा

मुलांच्या पोषणाच्या सर्वेक्षणात सगळ्यात जपून काय नोंदवायचं, असं नव्या सर्वेक्षकाला विचारा. तो हमखास ‘वजन’ म्हणतो. खरं उत्तर आहे वय. वजनकाटा आकडा दाखवतो, उंचीच्या फळीवर पट्टी छापलेली असते. वयाला असलं कुठलंच उपकरण नाही. ते आईच्या बोलण्यातून काढावं लागतं, आणि नेमकी तिथेच घाई होते.

“बाळ केवढं झालं, ताई?”
“तिसरं लागलंय की.”

सर्वेक्षक टॅबमध्ये ३ टाकतो आणि पुढच्या प्रश्नावर जातो. तिसरं लागलं म्हणजे दोन पूर्ण झाली. मूल पंचवीस महिन्यांचं असेल, चौतीसचंही असेल, पण ३६ चं नक्की नाही. शहरात वाढलेल्या पदवीधर मुलांच्या कानावरून हे मराठी गेलेलंच नसतं, आणि प्रशिक्षणात ते कोणी सांगतही नाही. ‘दीड वर्षाचा आहे’चा घोळ याहून बारीक. सोळा महिन्यांचा असो की वीसचा, घरात तो दीड वर्षाचाच असतो.

यानं काय बिघडतं ते पाहा. मुलगा आहे, लांबी भरली ७८ सेंटीमीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यात १८ महिन्यांच्या मुलासाठी खुरटेपणाची, म्हणजे वयाच्या मानानं फारच कमी उंचीची, रेषा ७६.९ ला आहे. हा वर आहे, म्हणजे ठीक. त्याचं खरं वय २० महिने असेल तर रेषा ७८.६ वर जाते आणि तोच मुलगा खुरटलेल्यांत मोजला जातो. मूल तेच, लांबी तीच. बदललं ते आईच्या ‘दीड’चं आपण केलेलं भाषांतर.

यावर ठरलेलं उत्तर येतं : “चुका दोन्ही बाजूंनी होतात, सरासरीत फिटतात.” सरासरीत फिटतात, टक्केवारीत नाही. झेड-स्कोअर म्हणजे मूल तक्त्यातल्या त्याच्या वयाच्या मधल्या उंचीपासून किती दूर आहे त्याचं माप : उणे २ च्या खाली खुरटलेलं, उणे ३ च्या खाली तीव्र खुरटलेलं. समजा गावातल्या मुलांचा सरासरी झेड-स्कोअर उणे १.४ आहे आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांचा पसारा, १. मग उणे २ च्या खाली साधारण २७ टक्के मुलं येतात आणि उणे ३ च्या खाली साडेपाच टक्के. आता वयाच्या आणि उंचीच्या गडबडीमुळे विचलन दीडवर गेलं असं धरा, सरासरी आहे तिथेच. खुरटलेली मुलं साडेचौतीस टक्के होतात आणि तीव्र खुरटलेली चौदा टक्क्यांवर पोचतात. गावात एकही मूल जास्त उपाशी न राहता तीव्र खुरटेपणा अडीच पटीनं वाढला! अशा आकड्यांवर बातम्याही होतात.

म्हणून वय विचारायचंच नाही, जन्मतारीख शोधायची. पहिला मान लसीकरणाच्या कार्डाचा, कारण त्यावर पडताळाही मिळतो. बीसीजी बहुतेक वेळा जन्मानंतर लगेच टोचलेली असते, पेंटाव्हॅलंटचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे, गोवर-रुबेलाचा पहिला नऊ महिन्यांनंतर. या तारखा जन्मतारखेशी जुळत नसतील तर थांबा. त्यानंतर जन्माचा दाखला. त्याच्यावर जन्माची आणि नोंदणीची अशा दोन तारखा असतात आणि घाईत दुसरीच उतरवली जाते. आधारवर १ जानेवारी दिसली की संशय घ्या, नुसतं साल सांगितलं की ती तारीख पडते. मोठ्या मुलांच्या शाळेच्या नोंदीत १ जून दिसली तरी तेच. गुरुजींनी नाव दाखल करताना लावलेल्या १ जूनच्या तारखा महाराष्ट्रात किती पिढ्या वाहतायत, ते कुठल्याही सरकारी कार्यालयात वाढदिवसांची यादी लावली की कळतं.

कागद काहीच नसेल तर सण धरायचा, पण आपल्या आठवणीतला नाही, त्या वर्षीचा. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ते १२ नोव्हेंबरला गेलं. ‘दिवाळीत झाला’ या दोन शब्दांत एकोणीस दिवसांचा फरक बसतो. पिशवीत मागच्या सहा वर्षांची भिंतीवरची कॅलेंडरं ठेवावीत, रद्दीत सहज मिळतात. मोबाईलवर शोधू नका. कॅलेंडर आईच्या हातात दिलं की ती स्वतः बोट ठेवते : “हा पोळा, ह्याच्यानंतरच्या बाजाराला आम्ही दवाखान्यात गेलो.” याला सात-आठ मिनिटं लागतात. ज्यांना ती जड वाटतात त्यांनी वयाशी संबंध नसलेला विषय निवडावा.

उंची-वजनाचं थोडक्यात. दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजायचं, त्यावरचं उभं करून. उलट झालंच तर तसं लिहून ठेवा : उभ्यानं मोजलेल्या लहान मुलाच्या मापात ०.७ सेंटीमीटर मिळवायचे, झोपवून मोजलेल्या मोठ्याच्या मापातून तेवढेच वजा करायचे. फळीवर दोन माणसं लागतात, एक डोक्याशी, एक गुडघ्यांशी. एकट्यानं मोजलं की मूल गुडघे मुडपतं आणि कागदावर बुटकं होतं. वेणी, रिबीन, अंबाडा सोडायला सांगा. सारवलेल्या मऊ जमिनीवर काटा कमी दाखवतो, म्हणून खाली प्लायवूडचा तुकडा टाका. वाळे, कडदोरा, स्वेटर यांचं वजन मुलाचं नसतं. रोज सकाळी निघण्यापूर्वी वाण्याकडच्या शिक्क्याच्या पाच किलोच्या वजनानं काटा तपासा. प्रत्येक माप दोनदा घ्या, दोनदा वेगवेगळं. पहिलं बघून दुसरं लिहू नका. लांबीत ७ मिलिमीटरपेक्षा किंवा वजनात १०० ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर दोन्ही मापं पुन्हा.

संध्याकाळी मुक्कामावर आलं की जेवणाआधी तीन गोष्टी पाहा. वयाच्या आलेखात २४, ३६, ४८ महिन्यांवर मनोरे उभे आहेत का? उंचीच्या दशांश अंकात ० आणि ५ ची गर्दी आहे का? नीट मोजलं तर दहाही अंक जवळपास सारखे यायला हवेत. एकाच सर्वेक्षकानं मोजलेली मुलं बाकीच्यांपेक्षा फार बुटकी किंवा फार उंच दिसतायत का? आज सापडलं तर उद्या त्या घरी परत जाता येतं. तीन महिन्यांनी पुण्यात बसून ‘डेटा क्लीनिंग’ करताना सापडलं तर फक्त ओळ खोडता येते. सॉफ्टवेअर सगळं सरळ करतं, हा भ्रम काही केल्या जात नाही.

दुसरी मोठी चूक प्रश्नातल्या मुदतीची. ‘गेल्या पंधरा दिवसांत’ की ‘गेल्या महिन्यात’, यात काय एवढं, असं म्हणून मधेच मुदत बदलणाऱ्यांनी सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची गोष्ट लक्षात ठेवावी. कुटुंबाच्या खर्चासाठी तिथे गेल्या ३० दिवसांचा हिशेब विचारायची रीत होती. नव्वदच्या दशकात काही छोट्या फेऱ्यांत अर्ध्या घरांना वेगळी प्रश्नावली दिली. तिच्यात अन्नासाठी ७ दिवस होते, आणि कपडे, शिक्षण, दवाखान्यात भरती होण्याचा खर्च अशा क्वचितच्या बाबींसाठी ३६५. सात दिवसांच्या प्रश्नानं अन्नावरचा खर्च बराच जास्त आला, इतका की त्यावरून मोजली तर देशातली गरिबी जवळपास निम्मी दिसावी. इथवर प्रयोग स्वच्छ होता, कारण एका घराला एकच प्रश्नावली होती.

मग १९९९-२००० च्या ५५व्या फेरीत तडजोड झाली. अन्नासाठी ३० दिवसांचा आणि ७ दिवसांचा असे दोन रकाने एकाच पानावर शेजारी-शेजारी छापले, आणि दोन्ही आकडे एकाच घराकडून. आठवड्याला दोन किलो साखर सांगितल्यावर महिन्याला चार किलो कोण सांगेल? सांगणारा मनात गुणाकार करतो, लिहिणाराही रकाने जुळवतो. दोन पद्धतींतली तफावत बरीचशी नाहीशी झाली. क्वचितच्या खर्चाची मुदतही या फेरीत फक्त ३६५ दिवस ठेवल्यानं गरीब घरांचा नोंदलेला खर्च आणखी वर सरकला. सरकारी गरिबी १९९३-९४ च्या ३६ टक्क्यांवरून २६.१ टक्क्यांवर आली. त्यातली खरी घट किती आणि रकान्यांची करामत किती, यावर अर्थतज्ज्ञांनी पुढची कित्येक वर्षं घातली. फेरी पुन्हा घेता येत नव्हती.

तुमचा अभ्यास ३०० घरांचा असला तरी नियम हाच. पायाभूत पाहणीत जी मुदत, जो क्रम, जे शब्द, तेच अखेरच्या पाहणीत. आधीचा प्रश्न वाईट होता असं कळलं तरी वाईटच ठेवा. सुधारलेला विचारायचाच असेल तर तो वेगळ्या घरांना विचारा.

शब्दांचं म्हणाल तर ‘अतिसार’ कागदावर ठेवा, दारात ‘हगवण’ किंवा ‘जुलाब’ म्हणा आणि मोजून विचारा : एका दिवस-रात्रीत तीनदा किंवा जास्त वेळा पातळ झाली का? ‘बाळाला फक्त आईचंच दूध देता ना?’ हा प्रश्न तर फेकून द्या. उत्तर ‘हो’च येतं, आणि खोटं बोलायचा हेतूही नसतो. बाळघुटी, मधाचं बोट, उन्हाळ्यातलं चमचाभर पाणी हे तिच्या लेखी खाणंच नाही. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत काय-काय दिलं, एकेक नाव घेऊन विचारा. त्यात घुटी आलीच पाहिजे.

कुटुंब म्हणजे एक चूल. रेशनकार्ड नव्हे, छप्पर नव्हे.

कुलूप दिसलं की शेजारचं घर घेणं ही आळसाची चूक, आणि बीडसारख्या जिल्ह्यात ती अभ्यासच बुडवते. दसरा-दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, साखर कारखान्याकडे निघतात ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत, लहान मुलं बरोबर जातात. जानेवारीत त्या गावात गेलात तर जी मुलं शोधायला आलात तीच नेमकी उसाच्या फडावरच्या कोपीत (झोपडीत) असतात. शेजारचं उघडं घर म्हणजे ज्याला उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घ्यावी लागली नाही ते घर. वेगवेगळ्या वेळी तीन फेऱ्या मारा, तरी कुलूप असेल तर ‘स्थलांतरित’ लिहा आणि जागा रिकामी सोडा. शक्य असेल तर पाहणी जून-जुलैत लावा.

वाचन चाचणीत मूल शाळेच्या पुस्तकातला उतारा वाचत नसतं, पाठ म्हणत असतं, म्हणून उतारा नवा हवा. ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत सुरुवात पहिलीच्या पातळीच्या परिच्छेदापासून करतात. जमला तर गोष्ट, नाही तर शब्द, मग अक्षरं. खालून चढत गेलं की मूल दमतं आणि आपण त्याला एक पायरी खाली लिहितो. ‘क’ दाखवल्यावर मूल ‘कमळ’ म्हणालं तर बरोबर धरायचं का, हे गावात जायच्या आधी सगळ्यांनी मिळून ठरवा. घरात कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला सूचना त्याच्या भाषेत देणारं कोणी तरी बरोबर हवं. त्याचं गप्प बसणं म्हणजे न येणं नव्हे. आईला, काकाला आणि विशेषतः गुरुजींना मुलाच्या पाठीमागे उभं राहू देऊ नका, ओठ हलतातच.

आणि ‘माहीत नाही’साठी ९९ हा आकडा वापरू नका. सहा वर्षांच्या मुलाची उंची ९९ सेंटीमीटर असू शकते. उणे ९९ टाका.